फोटोमास्तरांचं तळं

या भागात बघण्यासारखं काय आहे, असं कुणा पाहुण्याने विचारलं की लोक चार ठिकाणं सांगायचे: तळं, धबधबा, दीपगृह आणि पायऱ्यांची बाग. चौघांची तोंडं चार दिशांना. एका दिवसात चारही बघून आलेला माणूस शोधून सापडला नसता. फोटोमास्तरांच्या दुकानात मात्र ही चारही ठिकाणं पडद्यांवर रंगवून छताजवळ रोलरवर गुंडाळून ठेवलेली असत आणि दोरी सैल केली की सळसळत खाली येत.

"काय सोडू? तळं की धबधबा?" मास्तर विचारायचे.

"तळंच सोडा," गिऱ्हाईक म्हणायचं.

तळं होतंच तसं. डाव्या हाताला मान वाकडी करून पाण्यात डोकावणारा सुळका, त्याच्या पायाशी काळीभोर झाडी, मधे हिरवट निळं पाणी, आणि उजव्या काठावर एक भलाथोरला सपाट खडक, त्यावर पांढुरक्या शेवाळाचे फराटे. त्या पाण्यासमोर गावातली नवी जोडपी बसली, पहिलटकरणींची बाळं पालथी पडली, नोकरीला लागलेली पोरं नव्या बुटांत उभी राहिली. ज्यांनी जन्मात गावाची वेस ओलांडली नव्हती त्यांच्याही भिंतीवर त्यांचा तळ्याकाठचा फोटो होता.

मास्तर स्वतः त्याच जातकुळीतले. तळ्यावर ते कधी गेलेच नव्हते. सुट्टीच्या दिवशी गाव तळ्यावर जायचं, आणि सुट्टीच्याच दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसायची.

"लग्न झाल्यापासून मला तळ्यासमोर बसवतायत," त्यांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, "तळ्यावर काही नेलं नाही."

"तिकडे डास फार," मास्तर म्हणायचे, जसे काही कालच चावून आलेत.

त्यांच्या मुलीला सगळे बेबी म्हणत. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं. ती रांगत होती तेव्हाचा तिचा फोटो दुकानाच्या काचेत लागला आणि अजून तिथेच होता, उन्हाने चहाच्या रंगाचा झालेला. गावाने आधी फोटोला बेबी म्हटलं, मग तिला. ती कॉलेजात गेली, जंतूंच्या अभ्यासात चांगले गुण मिळवले, लग्न होऊन दोन गल्ल्या सोडून राहायला गेली, तिला स्वतःची मुलगी झाली, तरी बेबी ती बेबीच. जंतूंचा अभ्यास तेवढा अंगाशी आला. मुलगी झाल्यापासून तिला दाराच्या कडीवर, बागेतल्या झोक्यावर, पाहुण्यांच्या पाप्यांत, सगळीकडे काहीतरी वळवळताना दिसायचं. त्यात पाण्याची भीती, उंचीची भीती, वळणाच्या रस्त्याची भीती. तळ्यावर तीही कधी गेली नव्हती. शाळेची सहल निघाली तेव्हा तिला गोवर निघाला, आणि नंतर वयाबरोबर भीतीच वाढली.

बेबीच्या मुलीचं नाव बटण. दिसेल ते दाबून बघायची म्हणून आजोबांनी पाडलेलं. घरात एक क्षण स्वस्थ न बसणारी ही पोर आजोबांच्या दुकानात मात्र दगडासारखी बसायची. दोरी सुटायची, पडदा उलगडत जमिनीला टेकायचा आणि बटणचं तोंड उघडंच राहायचं. "तळं आलं," ती कुजबुजायची. दर वेळी. जणू ते चालत आलं होतं आणि मोठ्याने बोललं तर परत जाईल.

मास्तरांचा मोतीबिंदू काढला आणि तिथून सगळ्याला सुरुवात झाली. पट्टी सुटली त्या सकाळी ते खिडकीशी उभे राहिले आणि बाहेरच्या झाडाकडे बघत राहिले. शेवटी ते बेबीला म्हणाले, "पानांना कडा आहेत गं."

"म्हणजे?"

"प्रत्येकाला वेगळी. मी आपला समजत होतो झाड म्हणजे एक हिरवा ढीग असतो." मग समोरच्या घराकडे बोट करून, "आणि ही भिंत पांढरी आहे? कधीपासून?"

"पहिल्यापासून," बेबीची आई म्हणाली. "तुमच्या मते ती पिवळी होती, आणि तुमच्याशी वाद कोण घालणार?"

त्याच दिवशी ते हट्टाने दुकानात गेले, तळं सोडलं आणि किंचाळलेच. "हे एवढं निळं कुणी केलं?"

"तुम्हीच," बेबी म्हणाली. "गेल्या वर्षी ब्रश घेऊन बसला होतात."

धुकट पिवळ्या डोळ्यांना निळं कमी दिसत होतं, म्हणून ते वर्षानुवर्षं निळं चढवत गेले होते. तळ्याचं शाईचं दुकान झालं होतं. मास्तर स्टुलावर बसले. "आता नव्याने रंगवायचं," ते म्हणाले. "पण अंदाजाने नाही. आता डोळे आहेत. मला तळ्यावर घेऊन चला. रंग ताडून बघायचे आहेत."

आईने लगेच पिशवी काढली. जावयाने गाडी काढायचं कबूल केलं. राहता राहिली बेबी, आणि कुठलंही ठिकाण आधी पूर्ण तपासल्याशिवाय बटणला तिथे नेणं तिच्या रक्तात नव्हतं. ती फोन घेऊन बसली. तळ्याला कठडा आहे का, पायऱ्या निसरड्या आहेत का, स्वच्छतागृह किती लांब आहे. लोकांनी काढलेले फोटो एकामागून एक बघत गेली आणि कठडा बाजूलाच राहिला.

सुळका उजवीकडे होता.

एखादा फोटो उलटा छापला गेला असेल म्हणून तिने दुसरा बघितला. तिसरा बघितला. एका फोटोत चहाच्या टपरीची पाटी सरळ वाचता येत होती. म्हणजे फोटो सरळ होता. सुळका उजवीकडे. खडक डावीकडे. तिला आठवलं, फार वर्षांपूर्वी एक बसचालक फोटो काढायला आला होता आणि पडद्याकडे बघून म्हणाला होता, "मास्तर, तुमचा सुळका भलत्या हाताला उभा आहे." मास्तर म्हणाले होते, "तुम्ही तुमची बस सरळ हाताला ठेवा म्हणजे झालं." दुकान हसलं होतं. त्यानंतर कुणी काही बोललं नाही, कारण तळ्यावर जाऊन आलेले लोकसुद्धा भिंतीवरचा फोटो बघूनच तळं आठवायचे.

काय झालं असणार ते तिला तत्क्षणी कळलं. ती डार्करूमच्या लाल दिव्याखाली वाढली होती. पडदा कसा तयार झाला ती गोष्ट तिला तोंडपाठ होती: नवं दुकान, नवं लग्न, आधीच्या म्हाताऱ्या छायाचित्रकाराने भेट दिलेली तळ्याची काचेची निगेटिव्ह. मास्तरांनी दुकानाची शटरं ओढून अंधार केला, फोटो मोठा करायचा एन्लार्जर आडवा करून काच त्यात घातली, भिंतीवर ताणलेल्या कापडावर तळ्याची छाया पाडली आणि कोळशाने गिरवली. निगेटिव्हमध्ये आकाश काळं, झाडी पांढरी. काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं त्यांनी मनातल्या मनात केलं. डाव्याचं उजवं करायची मात्र त्यांना गरज वाटली नाही. काचेची रसायनाचा थर असलेली मंद बाजू भिंगाकडे हवी आणि चकचकीत बाजू दिव्याकडे. काच उलटी पडली होती. एवढंच.

एवढंच, पण या एवढ्यासाठी मास्तरांनी आयुष्यभर कामाला आलेल्या प्रत्येक मदतनिसाचा उद्धार केला होता. "मंद बाजू कुठे? तुझ्या डोक्यात!" हे वाक्य गल्लीपर्यंत ऐकू यायचं. सगळं गाव त्यांनी ज्या तळ्यासमोर बसवलं, ते तळंच उलटं. आणि ते बघायला आता ते नवे डोळे आणि रंगांची पट्टी घेऊन निघाले होते.

"सांगून टाक," नवरा म्हणाला.

"सांगू? डोळे मिळून आठवडा झाला नाही, आणि मी त्यांना सांगू की उभा जन्म चुकीचा गेला?"

"पडदा म्हणजे जन्म नव्हे."

"तू त्यांना ओळखत नाहीस," ती म्हणाली. "त्यांच्यासाठी तोच आहे."

तिने सगळे उपाय करून पाहिले. आधी धूळ डोळ्यांना वाईट म्हणाली. डॉक्टरांनी परवानगी देऊन टाकली. मग बटणला सर्दी झाल्याचं म्हणाली. बटण अंगणात उड्या मारत होती. शेवटी म्हणाली, "बाबा, त्यापेक्षा दीपगृह बघायला जाऊ." मास्तर तिच्याकडे बघत राहिले. "दीपगृह मी लोकांच्या सांगण्यावरून रंगवलंय," ते म्हणाले. "ते चुकलं तर लोक खोटे. तळं मी स्वतः त्याच्या छायेवर हात ठेवून काढलंय. तिथे रेघ न् रेघ माझी आहे." बेबीने उठून पाणी उकळायला ठेवलं.

निघाले. बेबीच्या पिशवीत उकळलेलं पाणी, तीन फ्रॉक, औषधं, शिट्टी. बटणच्या कमरेला तिने स्वतःच्या ओढणीचं टोक बांधलं होतं.

"ही आपली मुलगी आहे की पतंग?" नवऱ्याने विचारलं.

"तू समोर बघ आणि चालव."

आईच्या पिशवीत दुकानातला पत्र्याच्या काठाचा गोल आरसा होता, फणी होती, पावडरचा डबा होता. "फोटो काढायचा म्हणजे हे लागतंच," ती म्हणाली. "गिऱ्हाइकांचे भांग पाडण्यात माझे केस पांढरे झाले. आज माझा भांग कुणीतरी पाडा." मास्तर पुढच्या सीटवर मांडीवर कापडाची पट्टी धरून बसले होते. पट्टीवर निळ्या-हिरव्या रंगांचे चौकोन एकाखाली एक. रस्ताभर ते काहीबाही बघून चकित होत होते: तारेवरचा पक्षी, तारेवरच्या पक्ष्याची चोच, दूरच्या माणसाच्या शर्टाच्या रेघा. प्रत्येक आश्चर्याबरोबर बेबीचा जीव अर्धा होत होता. एवढं सगळं ज्याला दिसतंय त्याला सुळका दिसणार नाही?

शेवटचं वळण घेतलं आणि समोर पाणी उघडलं.

पडद्यावरच्या तळ्याला कडा होत्या. त्यापलीकडे दुकानाची भिंत सुरू व्हायची. या तळ्याला कडाच नव्हत्या. ते डोळ्यांच्या दोन्ही कोपऱ्यांतून बाहेर सांडत होतं. सुळका फोटोंत एखाद्या बोटाएवढा दिसला होता, तो इथे एवढा होता की वर बघताना बेबीची मान दुखली. त्याच्या खांद्यावरून एक ढग सरकत होता आणि त्या ढगाची सावली पाण्यावरून, झाडीवरून, मग गाडीवरून आणि मग तिच्या हातावरून गेली. थंडगार. तिला वाटलं, आपल्याला कुणीतरी ओळखलं.

नवऱ्याने इंजिन बंद केलं. बटण पुटपुटली, "आजोबा, हा पडदा कुणी सोडला?"



मास्तर गाडीतून उतरले आणि पाण्याकडे चालू लागले. बेबी बटणला कडेवर घेऊन त्यांच्या मागे, त्यांच्या चेहऱ्यावर नजर खिळवून. ते काठापासून थोडं अलीकडे थांबले. त्यांनी रंगांची पट्टी डोळ्यांसमोर धरली, पाण्याशी ताडली. पाणी एका जागी एका रंगाचं राहीना. ते हसले, पट्टी थोडी खाली केली, पुन्हा वर केली.

"आजोबा," बटण म्हणाली, "तळं चुकलंय."

"काय चुकलंय?"

"सुळका तिकडे गेलाय. तो इकडे असतो." तिने दोन्ही हातांनी दाखवलं. "आणि आपल्या खडकावर कुणीतरी लिहून ठेवलंय."

मास्तरांनी सुळक्याकडे पाहिलं. मग डावीकडे, खडकाकडे. खडकावर पांढऱ्या रंगात, वर्षानुवर्षं कुणीतरी गिरवत आलेली ठसठशीत अक्षरं होती: पाणी खोल आहे. मास्तर ती अक्षरं बघत राहिले. त्यांचा उजवा हात हवेत वर गेला आणि सावकाश, उजवीकडून डावीकडे, काहीतरी गिरवू लागला. बेबीला कळलं, ते शेवाळ काढतायत. पडद्यावरचं शेवाळ. प्रत्येक फराटा त्यांच्या हाताला पाठ होता, आणि प्रत्येक फराटा म्हणजे उलटं अक्षर होतं. ती ज्याच्यासमोर पालथी पडायला शिकली, गावातली सगळी बाळं ज्याच्यासमोर बसली, तिथे कायम लिहिलेलं होतं की पाणी खोल आहे.

हात खाली आला. पट्टी गवतावर पडली.

"मंद बाजू," मास्तर म्हणाले. एवढंच.

ते खाली बसले, तळ्याकडे पाठ करून. एखाद्या गिऱ्हाइकासारखे. बेबीने बटणला खाली ठेवलं आणि ती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"तुला माहीत होतं," ते म्हणाले.

"हो."

"म्हणून दीपगृह."

"हो, बाबा."

"किती लोक बसवले मी, बेबी. सगळे भलत्याच ठिकाणी बसून गेले. त्यातले निम्मे आता नाहीत. त्यांना कुठे जाऊन सांगू?"

तेवढ्यात आई मागून धापा टाकत आली. "काय झालं? असे पाठ करून का बसलात? एवढा पल्ला मारून तळ्याकडे पाठ?"

"काच उलटी होती," मास्तर म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. मंद बाजू दिव्याकडे राहिली. सगळं डाव्याचं उजवं झालंय."

आईने तळ्याकडे पाहिलं, सुळक्याकडे पाहिलं, खडकाकडे पाहिलं. "अय्या," ती म्हणाली. मग म्हणाली, "काच तर मी घातली होती."

"तू?"

"मग काय! तुम्ही कापड ताणत होतात, खिळे तोंडात. मला म्हणालात, घाल. मी घातली. मंदबिंद काय असतं ते मला कुणी सांगितलं होतं? लग्नाला महिनाही झाला नव्हता."

मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. "आणि आजवर बोलली नाहीस?"

"मला काय स्वप्न पडणार? तेव्हाच तळ्यावर आणलं असतंत तर तेव्हाच सांगितलं असतं!"

जावई मागे उभा होता, त्याने खोकल्याचं निमित्त केलं. मास्तरांच्या तोंडाचा कोपरा हलला, पण डोळे तसेच होते. हसू डोळ्यांपर्यंत पोचत नव्हतं आणि बेबीला तेच दिसत होतं.

मग तिला जाणवलं की ओढणी सैल आहे. गाठ सुटली होती. बटण आजीच्या पिशवीत खांद्यापर्यंत हात घालून बसली होती आणि तिने आरसा बाहेर काढला होता. ती तळ्याकडे पाठ करून, आजोबांच्या शेजारी, दुकानात बसायची तशी बसली, आरसा तोंडासमोर धरला, आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

"तळं आलं," ती कुजबुजली.

"काय गं?"

"आजोबा, आपलं तळं आलं. बघा ना. हळू."

मास्तरांनी आरसा हातात घेतला. बेबी त्यांच्या मागे जाऊन वाकली आणि त्यांच्या खांद्यावरून तिनेही पाहिलं. पत्र्याच्या गोल काठात, डाव्या हाताला, मान वाकडी करून सुळका उभा होता. त्याच्या पायाशी काळी झाडी. उजव्या काठावर सपाट खडक, आणि खडकावर अक्षरं नव्हती. पांढुरकं शेवाळ होतं, फराटा न् फराटा त्यांच्या हातचा. रेघ न् रेघ. कुठेही काहीही चुकलेलं नव्हतं. फक्त पाणी हलत होतं. झाडी हलत होती. तो ढग सुळक्याचा खांदा सोडून निघाला होता, आणि शेवाळाच्या टोकावर येऊन बसलेला एक पक्षी उडून गेला.

"हलतंय," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. "अगं, हे हलतंय."

आणि या सगळ्यासमोर, अगदी मधोमध, जिथे गाव बसायचं, तिथे एक म्हातारा बसला होता. मास्तरांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. या पडद्यासमोर त्यांना कुणी कधी बसवलंच नव्हतं. ते नेहमी कॅमेऱ्याच्या पलीकडे. त्यांनी हात केसांवरून फिरवला.

"भांग विस्कटलाय," ते म्हणाले.

"थांबा." आईने फणी तळ्याच्या पाण्यात बुडवली आणि त्यांच्या केसांतून फिरवली. जंतू, बेबीच्या मनात आलं, आणि आलं तसं गेलं. आई शेजारी टेकली. आरसा आता दोघांत होता. "मी तरी कशी दिसतेय बघू," असं म्हणून आईने आरशात पाहिलं आणि तीही गप्प झाली, जे तिच्या बाबतीत सहसा घडत नसे.

बेबी सरळ झाली, वळली, आणि पहिल्यांदा कुणाच्याही चेहऱ्याकडे न बघता तिने तळ्याकडे पाहिलं. ते तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांतून बाहेर सांडतच होतं. बटण काठाशी गेली होती, बोटभर पाण्यात उभी होती, फ्रॉक भिजला होता. बेबीने हाक मारायला तोंड उघडलं. मग चालत जाऊन तिच्या शेजारी पाण्यात उभी राहिली. पाणी घोट्याला गार लागलं.

"इकडे बघा सगळ्यांनी," जावई फोन वर करून म्हणाला.

मास्तरांनी आरसा मांडीवर पालथा ठेवला, पाठ ताठ केली, हनुवटी किंचित उचलली. सगळ्या गावाला त्यांनी जसं बसवलं तसे ते बसले. आणि सवयीने, मागे न वळता, सुळक्याला, झाडीला, पाण्याला आणि पाण्यात पाय आपटणाऱ्या बटणला उद्देशून त्यांनी करड्या आवाजात सांगितलं, "हलू नका."

कुणीच ऐकलं नाही.